गंजीफ्रॉक सात हजारांचा!

गेल्या वर्षीच्या दिवाळीची गोष्ट. फराळाच्या ताटल्या नुकत्याच उचलल्या होत्या, आणि आमच्या धाकट्या कन्येने जाहीर केले की, येत्या फेब्रुवारीत ती गुलमर्गला चौदा दिवस बर्फावर घसरायला जाणार आहे. ‘घसरायला’ हा शब्द माझा. ती ‘स्कीइंगच्या कोर्सला’ असे म्हणाली होती. आमच्या मातोश्री कोपऱ्यात बसून पणत्यांसाठी वाती वळत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारले, “घसरायला इतक्या लांब कशाला गं? आपल्या मोरीत शेवाळ आहे की!”

मुलगी कमावती आहे. कोर्सची फी तिने स्वतःच्या शिलकीतून भरली. कपडालत्ता मात्र वडिलांनी घ्यायचा, हा आमच्या घरचा अलिखित कायदा; त्यामुळे सामानाची यादी माझ्या हाती आली. पहिलीच ओळ होती : ‘बेस लेअर, दोन जोड.’ हे काय प्रकरण आहे, असे विचारले तेव्हा उत्तर मिळाले, “बाबा, अंगालगत घालायचा कपडा. घाम ओढून बाहेर टाकतो.” म्हणजे गंजीफ्रॉकच की! मी मनातल्या मनात फार तर हजार रुपयांचा अंदाज बांधला, आणि रविवारी आम्ही तिघे शहरातल्या एका चकचकीत दुकानात दाखल झालो.

तिथल्या तरुण विक्रेत्याने मोठ्या अदबीने एक करड्या रंगाचा, पूर्ण बाह्यांचा, मुलायम गंजीफ्रॉक काउंटरवर पसरला. मेरिनो लोकर. किंमत सात हजार चारशे. त्याच्याखालची तुमान सहा हजार नऊशेची. दोन जोडांचे अठ्ठावीस हजार सहाशे! मुलीच्या कोर्सच्या फीपेक्षाही अधिक. मी चष्मा काढून पुसला आणि चिठ्ठी पुन्हा वाचली; आकडा तोच. पलीकडच्या फळीवर पॉलिएस्टरचे असेच दिसणारे कपडे नऊशे रुपयांना टांगलेले होते. मी तिकडे बोट दाखवताच तो मुलगा किंचित हसला आणि म्हणाला, “तेही चालतील, सर. पण शेवटी मुलीच्या तब्येतीचा प्रश्न आहे.”

या वाक्याला बापाकडे उत्तर नसते. सौ. माझ्याकडे पाहू लागल्या, कन्या छताकडे पाहू लागली. “विचार करून येतो” असे पुटपुटत मी बाहेर पडलो. घरी येईपर्यंत कोणी काही बोलले नाही. आणि ही शांतता मला अठ्ठावीस हजारांहून महाग वाटली.

खरे सांगायचे तर त्या पोराचे म्हणणे मला सरळ उडवून लावता येत नव्हते, कारण थंडीतल्या घामाशी माझी जुनी ओळख आहे. १९९१ सालच्या मे महिन्यात मी कुलू खोऱ्यातल्या चंद्रखणी खिंडीत गेलो होतो. खिंड समुद्रसपाटीपासून सुमारे ३६०० मीटर उंच. नेणाऱ्या मंडळींनी दिलेल्या यादीत ‘चार सुती बनियन’ असे स्पष्ट लिहिलेले होते, आणि मी ते इमानाने नेले होते. पहाटे निघालो. चढ उभा, पाठीवर ओझे, वर ऊन. दोन तासांत गंजीफ्रॉक पिळून काढावा असा झाला. पण मजा वाटत होती. खिंडीत पोचलो तेव्हा फोटो काढण्यासाठी म्हणून सगळे थांबले, आणि नेमका तेव्हाच सूर्य ढगाआड गेला व वारा सुटला.

पाच मिनिटांत माझे दात वाजू लागले. दहा मिनिटांनी कॅमेऱ्याचे बटण दाबण्यासाठी बोट हलेना. अंगात स्वेटर होता, त्यावर जाकीटही होते. तरी पाठीवर कोणी बर्फाची लादी बांधली आहे, असे वाटत होते. बरोबरच्या पहाडी पोर्टरने माझ्याकडे एकदा पाहिले, माझ्या कॉलरमधून हात घालून पाठ चाचपली, आणि सगळ्यांसमक्ष मला कमरेपर्यंत उघडे केले. तो ओला गंजीफ्रॉक त्याने दगडावर फेकला आणि स्वेटर उघड्या अंगावर चढवला. स्वेटर चांगलाच टोचत होता. पण थोड्याच वेळात बोटे हलू लागली. आता सांगताना हसू येते. तेव्हा माझे बोलणे अडखळत होते, आणि ही काही हसण्याची खूण नव्हे. शरीराची ऊब अशीच उतरत गेली म्हणजे माणूस आधी कुडकुडतो, मग बरळतो, आणि मग कुडकुडणेही थांबते. तिथे मात्र डॉक्टरच लागतो.

या सगळ्याचे कारण अगदी साधे आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. कोरडा कपडा आपल्याला ऊब देतो म्हणजे काय, तर त्यात अडकलेली हवा देते. त्या हवेची जागा घामाने घेतली की, पांघरुणाचा पाझर झाला म्हणून समजा. शिवाय घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. मुंबईच्या मे महिन्यात हाच गुण आपल्याला सुखावतो, पंखा लावून आपण तो विकत घेतो. बर्फात तोच जिवावर उठतो. आणि बर्फात घाम येत नाही अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी पाठीवर ओझे घेऊन एकदा चढ चढून पाहावा. अंगमेहनतीला थंडीतसुद्धा तासाभरात अर्धा लिटर घाम सहज निघतो.

तेव्हा घाम अंगावरून हटला पाहिजे, एवढे नक्की. तो हटवायला सात हजार लागतात काय, एवढाच प्रश्न उरला.

या प्रश्नाची पहिली उकल मला मातोश्रींच्या वातींनी करून दिली. पणतीत तेल खाली, ज्योत वर. तेल वर चढवते कोण? कापसाच्या तंतूंमधल्या बारीक फटी. या नव्या कपड्यांची सारी करामत हीच आहे. पॉलिएस्टरचा तंतू स्वतः पाणी पीत नाही म्हटले तरी चालेल. साधारण हवेत तो आपल्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा ओल धरत नाही. पण तंतूंच्या मधल्या फटींतून घाम अंगाकडून बाहेरच्या बाजूला सरकतो, तिथे पसरतो आणि वाळतो. मग तुम्ही विचाराल, वातीचा कापूस इतका हुशार, तर गंजीफ्रॉकच्या कापसाने काय पाप केले? पाप असे की, कापसाचा तंतू पाणी फटींतून चढवतो खरा, पण ते स्वतःच्या पोटातही भरून घेतो आणि लवकर सोडत नाही. पणतीत वरच्या टोकाला तेल जळत असते, म्हणून खालचे वर येत राहते. गंजीफ्रॉकच्या टोकाला ज्योत कुठे आहे?

याच हिशेबाने आणखी एक गोष्ट कळते, आणि ती दुकानात कोणी सांगत नाही. वरून तुम्ही रबरी रेनकोट घातलात, तर आतला गंजीफ्रॉक सात हजारांचा असो की सत्तर हजारांचा, घाम जाणार कुठे? वरचे कपडेही वाफ बाहेर सोडणारे हवेत, आणि चढ लागला की जाकिटाची चेन उघडण्याची अक्कल हवी. बर्फात नित्य वावरणारे लोक निघताना थोडे कुडकुडतच निघतात. चालू लागले की ऊब येते, हे त्यांना ठाऊक असते. आपण मुलांना दारातच तीन स्वेटर चढवतो.

लोकरीची गोष्ट वेगळी आणि फार गमतीची. तिच्या तंतूचा बाहेरचा पापुद्रा पाणी झटकतो, पण आतला गाभा वाफ शोषून घेतो. आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल घेऊनही लोकर हाताला ओली लागत नाही. शोषताना ती थोडी उष्णतासुद्धा सोडते. हे काही परदेशी शास्त्रज्ञांनी शोधून काढल्यावर आपल्याला कळले असे नव्हे. आपला धनगर भर पावसात घोंगडे पांघरून मेंढरांमागे उभा असतो, तो कशाच्या जोरावर? फरक आहे तो तंतूच्या जाडीचा. दख्खनी मेंढीची लोकर भरड. साधारण ३० मायक्रॉनहून जाड तंतू अंगाला टोचतात. मेरिनोचे चांगले तंतू १७ ते १९ मायक्रॉनचे असतात, म्हणून ते उघड्या अंगावर सोसतात. सात हजारांतला मोठा वाटा या न टोचण्याचा आहे.

जुन्या लोकांनी काय केले, हे पाहू लागलो तर आणखी नवल. नॉर्वेमधल्या हेन्रिक ब्रून नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १९३३ साली मासेमारीच्या जाळ्यापासून गंजीफ्रॉक शिवला. नुसती भोके! पण त्या भोकांत हवा राहते, आणि ओला धागा अंगाला जेमतेम टेकतो. १९५३ साली ज्या मोहिमेतून तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोचले, त्या मोहिमेच्या सामानात असले जाळीचे गंजीफ्रॉक होते. त्याच्याही आधी, १९२४ साली, मॅलरी एव्हरेस्टवर गेला तो रेशीम, सूत आणि लोकर यांचे पातळ पातळ थर अंगावर चढवून. १९९९ साली त्याचा देह सापडला. त्यावरच्या कपड्यांच्या चिंध्यांवरून हुबेहूब पोशाख शिवण्यात आला, आणि ग्रॅहम हॉयलंड या गिर्यारोहकाने २००६ साली एव्हरेस्टच्या पायथ्याशी तो घालून पाहिला. पोशाख हलका आणि उबदार असल्याचा निर्वाळा त्याने दिला. पॉलिप्रॉपिलीनचे कपडे आले ते १९७० नंतर; ते अंग कोरडे ठेवत, पण थोड्याशा उष्णतेने वितळत. म्हणून अमेरिकेतल्या पॅटागोनिया कंपनीने १९८५ साली त्याऐवजी पॉलिएस्टर घेतले. आज नऊशे रुपयांना टांगलेले कपडे याच घराण्यातले.

पण मला खरा दिलासा मिळाला तो एका प्रयोगाच्या हकीगतीतून. १९९४ साली बाकेविग आणि नील्सन या दोन संशोधिकांनी आठ पुरुषांना ओले अंतर्वस्त्र घालून दहा अंश सेल्सियस तापमानात तासभर स्वस्थ बसवले. बिचारे! कपड्यांत प्रत्येकी १७५ ग्रॅम पाणी मुद्दाम पसरवलेले. कपडे सुताचे, लोकरीचे, पॉलिप्रॉपिलीनचे आणि जाळीचे. ओल्या कपड्याने माणूस चांगलाच गारठतो, हे तर ठरलेच. पण कपडा कशाचा, यापेक्षा त्याची वीण आणि विशेषतः जाडी यांचा परिणाम अधिक, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. म्हणजे एकदा कपडा सारखाच ओला झाला की, सूत आणि लोकर यांत तुम्हाला वाटते तेवढे अंतर उरत नाही. महत्त्वाचे हे की, तो किती भिजतो आणि किती लवकर वाळतो.

मग मीही घरगुती प्रयोग केला. टोरांटोला असलेल्या आमच्या भाच्याने स्वतःचा एक वापरलेला मेरिनो गंजीफ्रॉक पाठवून दिला होता. तो, एक नऊशेवाला आणि माझा रोजचा सुती, असे तिन्ही बादलीत बुडवले, सारखे पिळले आणि गॅलरीत सावलीला टांगले. सौ.नी “आज धुणे तुम्ही काढलेत?” असे विचारून घेतले. नऊशेवाला सर्वांत आधी वाळला. दुपारच्या चहाला तो कोरडा होता. मेरिनोने, जाहिराती काही म्हणोत, बराच वेळ घेतला. पण ओला असतानाही गालाला लावला तर सुतीसारखा गार लागत नव्हता. सुती महाशय दिवेलागणीलासुद्धा शिवणीपाशी ओलेच होते.

निर्णय झाला. नऊशेवाले दोन जोड, वर भाच्याचा मेरिनो. वाचलेल्या पैशांतून चांगले हातमोजे, लोकरीचे पायमोजे आणि वारा अडवणारे जाकीट घेतले. हातमोजे भिजले तर माणूस खोलीत परततो, गंजीफ्रॉक कितीही भारी असला तरी. हे मुलीच्याच एका अनुभवी मैत्रिणीने सांगितले.

खरेदीत दोन चुका होता होता राहिल्या. एक माझी. ‘वाढत्या अंगाचा असावा’ म्हणून मी एक माप मोठे उचलले. सत्तावीस वर्षांची मुलगी आता कुठे वाढणार! पण सवय. हा कपडा अंगाला बेताने चिकटून बसला नाही, तर घामाला तो भेटणारच नाही. दुसरी चूक सौ.नी पकडली. त्यांनी विक्रेत्याला न विचारता मुलीला बाजूला घेऊन विचारले, “वरचे सगळे ठीक, पण त्याच्याही आत जे घालतेस, ते कशाचे?” ते सुतीच होते. यादीत त्याबद्दल एक अक्षर नव्हते. आयाबहिणींनी हे ध्यानात ठेवावे. आणखी एक : बाजारात ‘थर्मल’ म्हणून जे पांढरे, जाड जोड मिळतात, त्यांतल्या बऱ्याच जणांत सूत मिसळलेले असते. दिल्लीच्या थंडीत शालीखाली बसायला ते उत्तम. घाम गाळायला नाही. चिठ्ठी उलटून वाचली की कळते.

फेब्रुवारीत कन्या गेली. गुलमर्ग सुमारे २६५० मीटर उंचीवर. तिथून गोंडोलाने अफरवटच्या खांद्यापर्यंत, म्हणजे जवळजवळ ३९५० मीटरपर्यंत जाता येते. पण नवशिक्यांना तिकडे कोण नेतो? पहिले काही दिवस खालच्या सौम्य उतारावर स्की पायांत घालून आडव्या पावलांनी चढायचे, हातभर घसरायचे, पडायचे, उठायचे, पुन्हा चढायचे. “बाबा, जे चांगले येतात ना, त्यांना घामच येत नाही. ते पाळण्यात बसून वर जातात नि सुर्रकन खाली येतात. घाम सगळा आम्हाला!” असे तिने फोनवर सांगितले. उस्तादांना सात हजारांचा कपडा आणि नवशिक्यांना सुती बनियन, ही वाटणी नेमकी उलटी आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आले. चढून घामाघूम व्हायचे आणि मग आपली पाळी येईपर्यंत वाऱ्यात रांगेत उभे राहायचे. चंद्रखणीची खिंडच ती, दिवसातून वीस वेळा.

तिसऱ्या दिवशी तिच्या तुकडीतला एक मुलगा असाच रांगेत काळानिळा होऊन थरथरू लागला. कपडे पाहावेत तर सगळ्यांत भारी : मेरिनोचा जोड, वर परदेशी जाकीट. शिक्षकांनी त्याला खोलीत नेऊन बुखारीजवळ बसवले आणि कपडे बदलायला लावले, तेव्हा मेरिनोच्या आतून निघाला एक ओलाचिंब सुती गंजीफ्रॉक! आईने बजावले होते म्हणे, ‘आत बनियन घातल्याशिवाय बाहेर पडू नकोस.’ संध्याकाळपर्यंत मुलगा ठणठणीत झाला. त्याला चहा पाजणाऱ्या काश्मिरी म्हाताऱ्याच्या अंगात मात्र एक ढगळ फेरन आणि त्याच्या आत कांगडी, बस्स. तो चढ चढत नव्हता, ही गोष्ट वेगळी.

चौदा दिवसांनी बॅग घरी उघडली. उतारावर मेरिनो आणि नऊशेवाला यांत काही फरक जाणवला का, असे मी मुद्दाम विचारले. “घसरताना मुळीच नाही,” ती म्हणाली. “संध्याकाळी मात्र फार.” तो फरक सौ.ना तत्काळ कळला, कारण बॅग त्यांनी उघडली होती. नऊशेवाले रोज रात्री आलटून पालटून धुतले असूनही त्यांचा दर्प असा की, ते थेट गॅलरीत गेले. मेरिनो सहा दिवस अंगावर होता आणि एकदाही पाण्यात पडला नव्हता. त्याला वास जवळजवळ नव्हताच. जिथे धुवायला पाणी नाही, अशा लांबच्या पदभ्रमणाला ज्यांना जायचे असेल, त्यांनी एक मेरिनो जरूर घ्यावा. तंबूतल्या सोबत्यांचे आशीर्वाद मिळतील. शेकोटीपाशीही तो वितळत नाही. त्याची जपणूक मात्र पैठणीसारखी : थंड पाणी, सौम्य साबण, पिळायचे नाही, आणि कपाटात डांबरगोळ्या, नाहीतर कसर सात हजार सहज खाऊन टाकते. पॉलिएस्टरला एकच पथ्य, कपडे मऊ करणारे ते सुगंधी पाणी त्याला लावायचे नाही. त्याचा लेप तंतूंवर बसतो आणि घाम ओढणे मंदावते.

त्या मेरिनोचे पुढे काय झाले? आषाढातल्या झडीत मातोश्रींना पाठीत गारठा भरला, तेव्हा सौ.नी तो त्यांना रात्रीपुरता घालायला दिला. तेव्हापासून तो त्यांच्या अंगावरून उतरलेला नाही. “नातवाने पाठवलाय,” असे त्या शेजारणींना सांगतात, आणि टोचत नाही हे पटवण्यासाठी बाही पुढे करतात. कन्या येत्या फेब्रुवारीत पुढच्या कोर्सला जायचे म्हणते आहे. गंजीफ्रॉक परत कोणी मागायचा, यावर घरात अजून एकमत झालेले नाही.